मुंगूस आणि इंग्रजीतला 'मंगूज'

प्रश्न : इंग्रजीतला 'मंगूज' आपल्या मुंगसावरूनच घेतलाय का? त्यात 'गूज' म्हणजे हंसाच्या जातीतला पक्षी कुठून आला? आणि मुंगूस हा शब्द मुळात संस्कृतच ना?

उत्तर : पहिल्या प्रश्नाला सरळ होकार. इंग्रजी कोश या शब्दापुढे मराठी मुंगूसच देतात. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७०च्या दशकात मुंबई-सुरतेकडे होता, जुन्नरलाही जाऊन आला होता. १६९८ साली लंडनला छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हा प्राणी आहे, फेरेटच्या (युरोपातल्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका छोट्या पाळीव प्राण्याच्या) जातीतला म्हणून. म्हणजे शब्द इंग्रजांच्या कानी पडला तो आपल्याच किनाऱ्यावर.

पक्ष्याचा मात्र काही संबंध नाही. अनोळखी 'गूस' ऐकल्यावर इंग्रजांनी तो ओळखीच्या शब्दासारखा लिहिला, एवढंच. म्हणून तर 'गूज'चं अनेकवचन 'गीस' होतं, पण मुंगसांना 'मंगूजेस'च म्हणतात. गंमत अशी की खरा 'गूज' आपल्या हंसाचा सख्खा नातलग आहे. जर्मन 'गान्स', लॅटिन 'आन्सेर' आणि संस्कृत 'हंस' एकाच मुळातून निघालेत. नातं आहे ते तिथे, मुंगसाशी नाही.

आता संस्कृतचं. संस्कृतात या प्राण्याला 'नकुल' म्हणतात. हिंदीतला नेवला आणि गुजरातीतला नोळियो त्याच घराण्यातले. मराठीत नकुल उरला तो पांडवांपैकी एकाच्या नावात. मुंगसाचे सोयरे शोधायचे तर दक्षिणेकडे बघा : कन्नडमध्ये मुंगुसि, तेलुगूत मुंगिस. त्यामुळे तो मराठीत द्राविडी भाषांतून आला असं मानणं मला सर्वांत पटतं. प्रत्येक मराठी शब्दाला ओढूनताणून संस्कृत मूळ चिकटवायची सवय आपण सोडायला हवी. कानडी-तेलुगूशी शेकडो वर्षांचा शेजार असताना शब्दांची देवाणघेवाण झाली नसती तरच नवल.

पुरवणी प्रश्न : इतर युरोपीय भाषांत?

उत्तर : फ्रेंचमध्ये 'मांगूस्त', जर्मनमध्ये 'मुंगो'. प्राणिशास्त्रातही 'मुंगोस' हे एका प्रजातीगटाचं नाव आहे, पण त्यातली मुंगसं आफ्रिकेतली. पुढे उसातले उंदीर मारायला १८७२ साली भारतातून जमैकात मुंगसं नेली, तिथून १८८३ला हवाईत. तिकडच्या लोकांच्या तोंडीही आता हाच शब्द आहे.