पोस्टरपेक्षा खडी गंमत बरी
‘कैद्यांना क्षयरोगाची माहिती द्यायला पोस्टर पुरे, नाटकाचे चोचले कशाला?’ हे कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. पोस्टरसाठी आधी वाचता यावं लागतं! आपल्या नागपूरकडचं लोकनाट्य, खडी गंमत घ्या. ढोलकी आणि चार माणसं, बस. शाहीर दोन आठवडे खोकतोय, पण ‘बराकीतले वाळीत टाकतील’ म्हणून बेडका तपासायला देत नाही. नेमकं तिथे थांबायचं आणि बघणाऱ्यालाच उठवायचं: तू काय केलं असतंस? ब्राझीलचा नाटककार ऑगस्तो बोआल, त्याची हीच रीत. औषध ६ महिने घ्यायचं, हे सांगून कळतं. बरं वाटायला लागल्यावर गोळी टाकून द्यावीशी का वाटते, ते करून बघितल्यावरच. फक्त तुरुंगाच्या साहेबांना पहिल्या रांगेत बसवू नका, सगळे शहाण्यासारखी उत्तरं देतात.