मदत हवी आहे: व्हीसेंटरमधूनच सर्व्हरचं हार्डवेअर सांभाळता येईल का?

नमस्कार मंडळी,

वाळूजच्या कारखान्यात आमचे तीन ईएसएक्सआय होस्ट (व्हर्च्युअल मशीन चालवणारी व्हीएमवेअरची प्रणाली असलेले सर्व्हर) आहेत, एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे. मी बसतो पुण्यात. तिघांचा मिळून एक क्लस्टर (गट), आवृत्ती ७.० अपडेट ३, आणि हे सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणारं व्हीसेंटरसुद्धा त्याच क्लस्टरवर व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) म्हणून चालतं. व्हर्च्युअल मशीनचं सगळं तिथून होतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पंखा, पॉवर सप्लाय, रॅम, बायॉस असं काहीही निघालं की प्रत्येक होस्टच्या बीएमसीत (सर्व्हरच्या आतला, हार्डवेअरवर लक्ष ठेवणारा वेगळा छोटा नियंत्रक) वेगळं लॉगिन करावं लागतं. साहेबांचा प्रश्न असा की एवढं लायसन्स घेतलंय, तर सगळं एका स्क्रीनवर का दिसत नाही? प्रश्न अगदीच चुकीचा नाही, म्हणून विचारतोय.

सध्या अडलंय ते असं. एका होस्टची रॅमची काडी गेली होती, ती बदलली, सर्व्हर व्यवस्थित चालू आहे, तरी व्हीसेंटरमध्ये मेमरीचा लाल अलार्म तसाच. हिरवा केला की थोड्या वेळानं परत लाल.

दुसरं म्हणजे, ७ चा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ८ वर जायचंय. त्याच वेळी व्हीसेंटरच्या लाइफसायकल मॅनेजरमधून (अपडेट चढवणारा भाग) फर्मवेअरही (हार्डवेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) उरकावं असा बेत होता. पण इमेज (क्लस्टरच्या सगळ्या होस्टवर चढवायचा सॉफ्टवेअरचा एकच संच) बनवताना हार्डवेअर सपोर्ट मॅनेजरची यादी रिकामी दिसते. आणि होस्ट बंद असेल तर 'पॉवर ऑन' करडा दिसतो, क्लिकच होत नाही.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

अलार्म आधी घेऊ, तो सोपा आहे. रॅम ठीक आहे की नाही हे व्हीसेंटर स्वतः तपासत नाही. बीएमसी सांगते, ईएसएक्सआय ते आयपीएमआयमार्फत (बीएमसीशी बोलण्याचा जुना प्रोटोकॉल) वाचतं आणि व्हीसेंटर फक्त दाखवतं. काडी बदलली तरी बीएमसीच्या सिस्टम इव्हेंट लॉगमध्ये जुनी नोंद बहुधा तशीच असणार. त्या लॉगची प्रत आधी काढून ठेवा, वॉरंटीवाले मागतात. मग बीएमसीतूनच लॉग रिकामा करा, किंवा होस्टवर एसएसएच चालू करून 'ईएसएक्ससीएलआय हार्डवेअर आयपीएमआय एसईएल क्लिअर' चालवा. नंतर मॉनिटरखालच्या हार्डवेअर हेल्थमध्ये रिफ्रेश करा. नुसता अलार्म हिरवा करून उपयोग नाही, मूळ नोंद तिथेच राहते.

यादी रिकामी आहे कारण फर्मवेअरला हात लावणारा माणूस तुम्ही अजून नेमलेलाच नाही. लाइफसायकल मॅनेजर ७.० मध्ये, म्हणजे २०२० ला आला. तो ईएसएक्सआय स्वतः चढवतो, पण फर्मवेअरचं काम सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर सोपवतो, तोच हार्डवेअर सपोर्ट मॅनेजर. डेलचं ओपनमॅनेज एंटरप्राइजवरचं इंटिग्रेशन, एचपीईचं वनव्ह्यू, लेनोवोचं एक्सक्लॅरिटी इंटिग्रेटर, ज्याचा सर्व्हर त्याचं साधन. ते वेगळं अप्लायन्स (कंपनीनं दिलेली तयार व्हीएम) म्हणून उभं करायचं, बीएमसींची ओळख करून द्यायची, व्हीसेंटरमध्ये नोंदवायचं, की यादीत नाव येतं. बऱ्याच ठिकाणी त्याचं लायसन्स वेगळं लागतं, साहेबांना हे आधीच सांगून ठेवा.

एक इशारा: क्लस्टर एकदा बेसलाइनवरून (पॅचच्या याद्यांची जुनी पद्धत) इमेजवर नेला की तोच क्लस्टर परत बेसलाइनवर येत नाही.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर, पण तीन होस्टसाठी आणखी एक अप्लायन्स? त्याला रॅम द्या, त्याचे पॅच लावा, त्याचं सर्टिफिकेट संपलं की धावपळ करा. माझं मत विचाराल तर नको. हार्डवेअर सपोर्ट मॅनेजर सक्तीचा नाही. इमेजमध्ये ईएसएक्सआय आणि कंपनीचा व्हेंडर अ‍ॅडऑन (तिचे ड्रायव्हर वगैरे) निवडा, फर्मवेअरची जागा मोकळी सोडा. ८ मध्ये बेसलाइन तशाही निवृत्तीच्या वाटेवर आहेत. फर्मवेअर वर्षातून एकदोनदा होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये (व्हीएम हलवून रिकामा) टाकून बीएमसीतूनच चढवा. वीसपंचवीस होस्ट असते तर मीही प्रतिसाद १ सारखंच सांगितलं असतं.

पॉवर ऑनचं म्हणाल, तर होस्टच्या कॉन्फिगरमध्ये पॉवर मॅनेजमेंट आहे. तिथे बीएमसीचा आयपी, मॅक पत्ता, युजर आणि पासवर्ड भरा. पण ते बटण स्टँडबायमध्ये घातलेल्या होस्टला उठवण्यासाठी आहे. वीज जाऊन पडलेला होस्ट व्हीसेंटरला फक्त 'प्रतिसाद देत नाही' असा दिसतो. आणि तुमचं व्हीसेंटर त्याच तीन होस्टवर आहे ना? तिन्ही पडले तर बटण दाबणार कुठून? बीएमसीचा रस्ता कायम उघडा ठेवा. बायॉसमध्ये वीज परतल्यावर आधीच्या स्थितीत येण्याची सेटिंग आहे का तेही बघा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. शेवटचा मुद्दा साहेबांना लगेच पटला! अप्लायन्स सध्या नको असं ठरतंय. एक शंका: आमचा नेटवर्कवाला बीएमसीच्या व्हीलॅनवर (वेगळं काढलेलं नेटवर्क) यूडीपी ६२३, म्हणजे आयपीएमआयचं पोर्ट, उघडायला तयार नाही.

प्रतिसाद १

त्याच्याशी भांडू नका. आयपीएमआय २.० मध्ये लॉगिन होण्याआधीच पासवर्डचा हॅश (ज्यावरून पासवर्ड शोधून काढता येतो असं त्याचं सांकेतिक रूप) मागता येतो, हा त्या प्रोटोकॉलमधलाच दोष आहे, पॅचनं जात नाही. स्टँडबाय वापरणार नसाल तर ६२३ लागतच नाही. हार्डवेअर हेल्थची माहिती ईएसएक्सआय मशीनच्या आतूनच घेतं, नेटवर्कवरून नाही. तुमच्या पुण्याच्या जंप सर्व्हरवरून (आत शिरायचा मधला सर्व्हर) बीएमसीला ४४३ तेवढं मागा. पुढेमागे अप्लायन्स आलंच तर तेही रेडफिशसाठी (बीएमसीशी बोलण्याची नवी पद्धत) हेच पोर्ट वापरेल.

धागाकर्ता

समजलं. मग ८ वर जाताना आधी फर्मवेअर की आधी ईएसएक्सआय?

प्रतिसाद २

सगळ्यात आधी व्हीसेंटर, तो क्रम चुकवू नका. मग कंपनीच्या ८ च्या यादीत तुमचं मॉडेल आहे का बघा आणि एकेक होस्ट रिकामा करून बीएमसी, बायॉस, मग कार्डं. नेटवर्क आणि स्टोरेज कार्डाचं फर्मवेअर नुसतं 'सर्वात नवीन' म्हणून चढवू नका. सुसंगततेच्या यादीत ते ड्रायव्हरबरोबर जोडीनं दिलेलं असतं, तीच जोडी धरा. पहिला होस्ट झाला की एक दिवस त्यावर कमी महत्त्वाच्या व्हीएम चालवून बघा, मगच उरलेले दोन.