आठवीत एनसीसीला नाव द्यायचं आहे: निवड, गणवेश, कॅम्प आणि दहावी

मेघनाक्ष
मुलगी जूनमध्ये आठवीत जाईल. शाळेत एनसीसीची आर्मी विंग आहे. जागा थोड्या, नावं देणाऱ्या मुली भरपूर. निवड कशावर होते, कागदपत्रं कोणती लागतात, घरचा खर्च किती आणि दहावीच्या आड येतं का, हे कुणी नीट सांगेल का? आजोबांची वेगळीच शंका आहे: एकदा नाव दिलं की पुढे सैन्यात जावंच लागतं का?

पहिली_फाईल
आधी आजोबांचं. एनसीसी १९४८च्या कायद्याने उभी राहिली आणि कॅडेटवर सैन्यात जाण्याचं कुठलंही बंधन नाही. त्यांच्या मनात बहुधा १९६३ नंतरची कॉलेजातली सक्तीची एनसीसी असेल. ती सक्ती १९६८मध्ये उठली. शाळेतली एनसीसी पूर्ण ऐच्छिक आहे.

मुलांची ती ज्युनिअर डिव्हिजन, मुलींची ज्युनिअर विंग. प्रशिक्षण दोन वर्षांचं, म्हणून आठवीतच घ्या. आठवी-नववी झाली की नववीच्या शेवटी 'ए' सर्टिफिकेटची परीक्षा होते आणि दहावीचं वर्ष मोकळं राहतं. नववीत नाव दिलं तर दुसरं वर्ष नेमकं दहावीत येतं, आणि मग शाळा तरी नको म्हणते नाहीतर घरचे तरी.

निवड शाळेतले एएनओ, म्हणजे एनसीसी सांभाळणारे शिक्षक, युनिटच्या लोकांसोबत करतात. उंची, धावणं, थोडे सामान्य ज्ञानाचे प्रश्न, उभं राहण्याची ढब, असं साधारण स्वरूप असतं. पण मुलं धावण्यात फारशी गळत नाहीत, कागदांत गळतात. नोंदणी आता ऑनलाइन आहे. आधार, शाळेचं रजिस्टर आणि बँकेचं पासबुक या तिन्ही ठिकाणी नाव अक्षरन् अक्षर सारखं हवं. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे वडिलांचं नाव गाळलेलं, असं असलं की गणवेशाचे पैसे अडकतात आणि दोन वर्षांनी सर्टिफिकेटवर भलतंच नाव छापून येतं. दुरुस्तीला महिने जातात, तेव्हा मे महिन्यातच तपासून घ्या. शिवाय डॉक्टरांचा फिटनेस दाखला, पालकांचं संमतीपत्र, रक्तगट आणि शरीरावरची ओळखखूण लागते. दमा, फिट येणं, जुनं फ्रॅक्चर असं काही असेल तर लपवू नका. कॅम्पमध्ये ते बाहेर येतंच, आणि तेव्हा तिथे तिची औषधं नसतात.

बकल_नंबर_सात
खर्चाचं सांगतो. प्रशिक्षणाला फी नाही. गणवेशाचा भत्ता कॅडेटच्या बँक खात्यात थेट जमा होतो. त्यासाठी स्टेट बँकेत 'पहली उड़ान' योजनेतलं शून्य शिलकीचं खातं उघडता येतं. मात्र शाळेत एनसीसी स्वयंअर्थसहाय्यित योजनेखाली असेल तर खर्च संस्थेचा, आणि तो शेवटी पालकांकडे सरकू शकतो. प्रवेशाच्या वेळीच विचारा.

खाकी कापड शाळा सांगेल त्याच छटेचं घ्या. बाजारात खाकीच्या पाच छटा मिळतात आणि रांगेत वेगळी छटा लांबूनही डोळ्यात खुपते. पँट कमरेत बरोबर आणि लांबीला दोन इंच दुमड ठेवून शिवा, आठवीतली मुलं बघता बघता वाढतात. बेरे, म्हणजे गणवेशाची गोल टोपी, लोकरीची हवी. कोमट पाण्यात भिजवून, पिळून, डोक्यावर बसवून वाळू द्यायची. पट्टी भुवईच्या साधारण इंचभर वर आडवी, बिल्ला डाव्या डोळ्यावर, मोकळं कापड उजवीकडे खाली ओढलेलं. सिंथेटिक बेरे कितीही भिजवा, फुगलेल्या पुरीसारखीच बसते.

बूट पहिल्या परेडच्या आदल्या दिवशी आणू नका. दोन आठवडे रोज तासभर जाड मोज्यांसोबत घरातच घालून फिरायला लावा. पायात न रुळलेल्या बुटात टाच मारली की दुसऱ्या दिवशी फोड, तिसऱ्या दिवशी गैरहजेरी. हजेरी तर ७५ टक्के लागतेच, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही.

मेघनाक्ष
मे महिन्याचं लगेच लिहून ठेवलं. परेडच्या दिवशी मुली चक्कर येऊन पडतात असं शाळेतल्या पालकांकडून कळलं. ऊन हेच कारण का?

बकल_नंबर_सात
ऊन असतंच, पण पडण्याची मुख्य कारणं दोन: उपाशी पोट आणि ताठ आवळलेले गुडघे. सावधानमध्ये स्नायू हलत नाहीत, रक्त पायात साचतं, मेंदूकडे कमी जातं. गुडघे सरळ ठेवा पण कुलूप लावल्यासारखे मागे दाबू नका, आणि बुटाच्या आत बोटं हलवत राहा, बाहेरून दिसत नाही. निघताना पोळी-भाजी किंवा पोहे पोटात हवेतच, नुसत्या चहावर पाठवू नका. घशाला कोरड पडेपर्यंत न थांबता आधीपासून पाणी प्यायला सांगा. डोळ्यांपुढे अंधारी आली तर हात वर करून खाली बसायचं. ती बेशिस्त नाही. दात-हनुवटी फुटण्यापेक्षा बरं.

ड्रिलमध्ये सुरुवातीला हमखास होणारी चूक म्हणजे उजवा हात आणि उजवा पाय एकत्र पुढे जाणं. 'तेज चल'ला पहिलं पाऊल डावं, हे डोक्यात घोळवत राहिलं की हात गोंधळतो. जागच्या जागी कदमताल करून हात मोकळे सोडले की आपोआप जुळतं. सावधानमध्ये टाचा जुळलेल्या, पंजांमध्ये ३० अंशांचा कोन. विश्राममध्ये डावा पाय १२ इंच बाजूला. तेज चालीत एक पाऊल ३० इंचांचं. बुटक्या मुलींना ३० इंच गाठायला उड्या माराव्या लागतात, म्हणून स्क्वाड, म्हणजे तुकडी, उंचीप्रमाणे लावतात. ती शिक्षा समजू नये.

रानवाट_४११
वरच्या प्रतिसादांत दहावीचं सवलतीच्या गुणांचं राहिलं. नुसतं कॅडेट असल्याने गुण मिळत नाहीत. ठरावीक पातळीवरचा सहभाग लागतो आणि शाळेने मंडळाकडे मुदतीत प्रस्ताव पाठवावा लागतो. त्यासाठी म्हणून घालत असाल तर नका घालू. 'ए' सर्टिफिकेटचा सरळ उपयोग मर्यादित आहे. एसएससीच्या (दहावी बोर्ड नव्हे, केंद्राचा कर्मचारी निवड आयोग) जीडी, म्हणजे जनरल ड्युटी, कॉन्स्टेबल भरतीत 'ए'ला २, 'बी'ला ३ आणि 'सी'ला ५ टक्के गुण मिळतात. लेखी परीक्षा न देता एसएसबीला, म्हणजे सैन्यात अधिकारी होण्यासाठीच्या मुलाखतीला, जाण्याची एनसीसी स्पेशल एन्ट्री 'सी'वर आहे, आणि 'सी' कॉलेजात सीनिअर विंगची तीन वर्षं केल्यावर मिळतं. शाळेतली दोन वर्षं ही पायरी, शिडी नव्हे.

आणखी एक गोष्ट. 'कॅडेट', 'कमांडो' अशा नावांची खासगी सुट्टीतली शिबिरं एनसीसी नव्हेत, त्यांचं प्रमाणपत्र या भरत्यांत चालत नाही. रोड सेफ्टी पेट्रोल, म्हणजे आरएसपी, हाही वेगळा उपक्रम.

मांडवी_काठ
गोव्यातून वाचणाऱ्यांसाठी: नियम तेच, पण गोवा महाराष्ट्र संचालनालयात नाही, कर्नाटक-गोवा संचालनालयात येतो. कॅम्पची पत्रं त्या बाजूने येतात.

मेघनाक्ष
दहा दिवसांचा कॅम्प करावाच लागतो का? आणि मुलींची व्यवस्था?

पहिली_फाईल
'ए'साठी एक वार्षिक कॅम्प लागतोच. पहिल्या वर्षी मिळाला तर पहिल्याच वर्षी करून टाका. दुसऱ्या वर्षावर ढकललेला कॅम्प ताप, लग्नं आणि घटक चाचणीत वाहून जातो. मुलींसोबत महिला एएनओ आणि गर्ल कॅडेट इन्स्ट्रक्टर असतात, निवास वेगळा.

सामान: मच्छरदाणी आणि बांधायला सुतळी (सुतळी सगळे विसरतात), चादर-पांघरूण, ताट-वाटी-मग, पीटीचे दोन जोड, मोज्यांचे किमान पाच जोड, कुलूप दोन किल्ल्यांसह, टॉर्च, सुई-दोरा आणि जादा बटणं, बुटाचं पॉलिश, बकलला ब्रासो, हेअरनेट आणि पिना, सॅनिटरी पॅड अंदाजापेक्षा दुप्पट. प्रत्येक वस्तूवर नाव, कारण खाकी सगळ्यांची सारखीच. दागिने आणि मोठी रक्कम नको. फोन बहुतेक जमा होतो, म्हणून घरचे दोन नंबर पाठ हवेत.

आजारपण येतं ते पाण्यातून आणि ओल्या मोज्यांतून. मोजे रोज धुवायचे, पण अर्धवट ओले पुन्हा घालायचे नाहीत. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या की उरलेले दिवस लंगडत जातात.

फायरिंग असलं तर पॉइंट टू-टूची रायफल, झोपून. नवशिके ट्रिगर खेचतात, दाबत नाहीत, म्हणून गोळ्या विखुरतात. गोळी मध्यभागी लागली नाही तरी चालेल, सगळ्या एका जागी पडल्या पाहिजेत. त्यालाच ग्रुपिंग म्हणतात.

रानवाट_४११
रँकबद्दल कुणी बोललं नाही. लान्स कॉर्पोरल, कॉर्पोरल, सार्जंट या फिती हजेरी, आवाज आणि जबाबदारी बघून लागतात, वर्गातल्या गुणांवर नव्हे. सुरुवातीचं काम अगदी कंटाळवाणं असतं: आपल्या दहा जणींना वेळेत फॉलइन, म्हणजे रांगेत उभं, करणं, गैरहजर कोण ते सांगणं, नाश्ता मोजून वाटणं आणि स्वतः शेवटी घेणं. कमांड देताना 'दाहिने' लांबवायचं, क्षणभर थांबायचं आणि 'मुड़' तोडून म्हणायचं. मधला थांबा खाल्ला की अर्धी स्क्वाड आधी वळते, अर्धी नंतर, आणि चूक वळणाऱ्यांची नसते. आवाज घशातून काढला तर दुसऱ्या दिवशी बसतो, पोटातून काढावा लागतो.

प्रजासत्ताक दिन शिबिर किंवा थल सैनिक कॅम्पच्या निवडीत नाव आलं तर हो म्हणण्याआधी तारखा मागा. निवडीचे कॅम्प एकामागून एक असतात आणि सहामाही मध्येच येते. गणिताच्या शिक्षकांना तेव्हाच सांगून ठेवलेलं बरं.

मेघनाक्ष
सगळ्यांचे आभार. आधारवर तिचं आडनाव शेवटी आहे, शाळेत सुरुवातीला. उद्याच केंद्रावर जाते.

पहिली_फाईल
आधार बदलायच्या आधी जन्मदाखला बघा. त्यावर जसं आहे तसंच बाकी सगळीकडे करा, नाहीतर दहावीच्या फॉर्मला हेच पुन्हा निघेल.