नवऱ्याला किडनीचा कॅन्सर निघालाय, धीर कसा धरायचा?

रानजाई

नमस्कार, एरवी इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय आणि नीट लिहिता येतंय की नाही माहीत नाही कारण डोकंच चालत नाहीये. नवऱ्याचं (वय ४९) पोट दुखत होतं म्हणून सोनोग्राफी केली, आम्हाला वाटलं पित्ताशयात खडे असतील, तिथे काहीच निघालं नाही पण डाव्या किडनीत गाठ दिसली. मग कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन झाला. रिपोर्टमध्ये ५.२ सेमीची गाठ, आरसीसी म्हणजे रीनल सेल कार्सिनोमाची दाट शक्यता, शिरेत काही नाही, लिम्फ नोड ठीक, छातीचा स्कॅन स्वच्छ असं आहे. लघवीतून रक्त नाही, वजन उतरलं नाही, ताप नाही, माणूस रोज व्यायाम करणारा, फक्त बीपीची गोळी चालू.

युरॉलॉजिस्ट म्हणाले ऑपरेशन करू, जमलं तर गाठीपुरता भाग काढू नाहीतर अख्खी किडनी काढावी लागेल, आणि तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळालीय. बायोप्सीची गरज नाही म्हणाले. बायोप्सी न करता कॅन्सर आहे हे कसं काय सांगतात? आणि एवढं थांबलं तर पसरणार नाही का?

पण खरं सांगायचं तर माझा प्रश्न वेगळाच आहे. हे गप्प झालेत. दिवसा सगळं ठीक असल्यासारखं वागतात आणि रात्री जाग आली की बघावं तर अंधारात मोबाईल धरून किती टक्के लोक किती वर्षं जगतात ते वाचत बसलेले. मी बोलायला गेले की "होईल गं ठीक" म्हणून विषय संपवतात. मुलगा १४ वर्षांचा आहे, त्याला अजून सांगितलेलं नाही पण घरात काहीतरी बिनसलंय हे त्याला कळतंय. ज्यांनी हे सोसलंय किंवा घरात बघितलंय त्यांनी प्लीज लिहा, हे दिवस काढायचे कसे. "पॉझिटिव्ह राहा" एवढंच नका लिहू, ते सगळेच सांगतायत.

काजवा

ताई, मी याच रांगेतून गेलोय, २०१७ मध्ये. माझीही गाठ अशीच दुसरंच काहीतरी शोधताना सापडली. किडनीच्या गाठी हल्ली निम्म्याहून जास्त वेळा अशाच सापडतात, त्रास काहीच नसतो आणि भलत्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये दिसतात. तेव्हा त्या पोटदुखीचे उपकारच माना.

बायोप्सीचं मलाही कळेना, तेव्हा सर्जननी समजावलं होतं की कॉन्ट्रास्ट दिल्यावर गाठ कशी उजळते त्यावरून बरंच कळतं, आणि एवढ्या मोठ्या गाठीत बायोप्सीत काहीही आलं तरी ती काढायचीच असेल तर सुई घालून निर्णय बदलत नाही. बऱ्याच जणांची थेट ऑपरेशननंतरच तपासणी होते. तीन आठवड्यांचं म्हणाल तर किडनीच्या गाठी सहसा हळू वाढतात, काही आठवड्यांनी फरक पडत नाही असं मलाही सांगितलं होतं. पण हे तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "थांबलं तर चालेल ना" असं, म्हणजे रात्रीचा निम्मा घोर कमी होतो.

ऑपरेशनबद्दल कुणी सांगत नाही ते सांगतो. दुर्बिणीतून किंवा रोबोटने झालं तर पोटात गॅस भरतात, त्याने दुसऱ्या दिवशी खांदा दुखतो, पोट राहिलं बाजूला आणि खांदाच का दुखतोय म्हणून मी घाबरलो होतो, तर ते नॉर्मल असतं. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची आणि मगच खोकायचं, नर्सने पहिल्याच दिवशी शिकवलं आणि त्यावर माझा तो आठवडा निघाला. कॅथेटर (लघवीची नळी), ड्रेन (जखमेतलं पाणी काढणारी नळी) हे सगळं निघतं पटापट. थकवा मात्र बरेच दिवस राहतो, घरी आल्यावर बरं दिसतोय म्हणजे बरा झाला असं नसतं, हे घरातल्यांनी लक्षात ठेवा.

आणि अख्खी किडनी गेली तरी घाबरू नका. दुसरी चांगली असेल तर ती काम वाढवून घेते, किडनी दान करणारे एकाच किडनीवर आयुष्य काढतातच की. फक्त बीपी सांभाळायचं, क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते रक्तातून कळतं) वेळच्या वेळी तपासायचं, आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या पेनकिलर मनाने घ्यायच्या नाहीत.

मनाचं बोलायचं तर खरं सांगतो, स्कॅनच्या आधीचा आठवडा मला अजूनही वाईट जातो. बाकी वेळ मी विसरलेला असतो, अगदी विसरलेला. सुरुवातीला हे शक्य आहे असं कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. तुमच्या डॉक्टरांच्या जागी मी नाही, पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगू शकते, कारण पुढची बरीच धास्ती त्या कागदाभोवती असते.

तुम्ही लिहिलंय त्यावरून गाठ किडनीच्या आतच दिसतेय आणि ४ ते ७ सेमीच्या मधे आहे, म्हणजे स्कॅनवर टी१बी, पहिली स्टेज. पण ही स्कॅनवरची स्टेज. खरी स्टेज ऑपरेशननंतर काढलेला भाग तपासून ठरते आणि कधी कधी ती वर सरकते, तेव्हा तसं झालं तर कुणीतरी आधी खोटं सांगितलं असं वाटून घेऊ नका. रिपोर्टमध्ये चार गोष्टी बघा: पेशींचा प्रकार (क्लिअर सेल सगळ्यात जास्त आढळतो, मग पॅपिलरी, क्रोमोफोब वगैरे), ग्रेड १ ते ४ (आकडा जितका मोठा तितक्या पेशी जास्त आक्रमक), कापलेल्या कडा मोकळ्या आहेत का, आणि भोवतालच्या चरबीत किंवा शिरेत पेशी शिरल्यात का.

आता ते रात्रीचे टक्के. अमेरिकेच्या नोंदींमध्ये आजार किडनीपुरताच असताना सापडलेल्यांत पाच वर्षांनंतर जगण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे. तुमचे मिस्टर बहुतेक सगळ्या स्टेजेस एकत्र केलेले किंवा पसरलेल्या आजाराचे आकडे वाचत असतील. शिवाय पाच वर्षांचा आकडा काढायला पेशंट पाच वर्षांपूर्वीचे लागतात, त्यामुळे त्यात आजची औषधं पूर्ण उतरलेली नसतात. वाचूच नका असं सांगून उपयोग नाही, माणूस वाचतोच. तुम्ही दोघं एकत्र वाचा आणि प्रत्येक आकड्याला विचारा की हा कुठल्या स्टेजचा आणि कुठल्या सालचा.

अजून एक. घरात आणखी कुणाला किडनीची गाठ झाली होती का, ते आठवून डॉक्टरांना सांगा. ४६ किंवा त्याहून कमी वयात निघाला तर जेनेटिक टेस्टचा सल्ला देतात, तुमचे मिस्टर थोडे वर आहेत पण घराण्यात असेल तर विषय काढाच.

रानजाई

काजवा दादा, सूक्ष्मदर्शी ताई, काय बोलू. काल रात्री ह्यांना उठवून नाही, ते जागेच होते, तर दोघांनी मिळून तुमचं वाचलं. पहिल्यांदा ते स्वतःहून बोलले. म्हणाले मला मरणाची भीती कमी आणि हे परत आलं तर काय याची जास्त. त्यांनी कुठेतरी वाचलंय की किडनीच्या कॅन्सरला केमो लागूच पडत नाही, मग परत आला तर हातात काहीच नाही असंच ना? कुणाला माहिती असेल तर खरं तेच लिहा.

वाटसरू६१

वहिनी, खरं तेच लिहितो. माझा चौथ्या स्टेजचा आहे. निदान झालं तेव्हाच फुप्फुसात होता.

नेहमीची केमो याला फारशी चालत नाही हे बरोबर आहे. पण त्याचा अर्थ औषध नाही असा घेऊ नका. २००५ च्या आधी इंटरफेरॉन आणि इंटरल्यूकिन-२ एवढंच होतं, त्रास भयंकर आणि फायदा मोजक्यांना. २००५ च्या शेवटी सोराफेनिब आलं, लगेच २००६ मध्ये सुनिटिनिब, ह्या गोळ्या गाठीचा रक्तपुरवठा तोडतात. २०१५ पासून निवोलुमॅब म्हणजे इम्युनोथेरपी मिळायला लागली, आपल्याच प्रतिकारशक्तीचा दाबून ठेवलेला ब्रेक ती सोडवते. २०१८ पासून दोन दोन औषधं जोडून सुरुवातीलाच देतात. काही जणांचा आजार वर्षानुवर्षं शांत राहतो, थोड्यांच्या स्कॅनमध्ये तर काहीच दिसेनासं होतं. सगळ्यांचं तसं होत नाही, ज्यांना काहीच लागू पडलं नाही अशी माणसंही मी वॉर्डात पाहिलीत, त्यांना विसरून मी आशेच्या गप्पा मारणार नाही.

मला एक गोष्ट फार धीर देऊन गेली. क्लिअर सेल प्रकारात बहुतेक वेळा व्हीएचएल नावाचं जीन बिघडलेलं असतं, त्यामुळे पेशीला ऑक्सिजन असूनही नाही असं वाटतं आणि ती रक्तवाहिन्या मागवत सुटते. पेशीला ऑक्सिजन कसा कळतो हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं आणि त्याच धाग्यावरून बेल्झुटिफान नावाची गोळी निघाली, २०२३ मध्ये तिला अमेरिकेत पुढच्या स्टेजच्या किडनी कॅन्सरसाठी मंजुरी मिळाली, आधीची औषधं थकली त्यांच्यासाठी. म्हणजे मी सलाईन लावून पडलेलो असतो तेव्हा कुठेतरी कुणीतरी माझ्याच आजारावर काम करत असतं. हे मला देवाच्या फोटोइतकंच जवळचं वाटतं.

माझं म्हणाल तर सुरुवातीला दोन इम्युनोथेरपी एकत्र दिल्या, गाठी लहान झाल्या, थायरॉईड मात्र बसला, आता त्याची गोळी कायमची. मधे जुलाब सुरू झाले, इम्युनोथेरपीत जुलाब म्हणजे साधे जुलाब समजून घरगुती उपाय करत बसायचं नाही, त्याच दिवशी कळवायचं, मला स्टेरॉईड देऊन आटोक्यात आणले. सध्या काबोझँटिनिब ही रक्तपुरवठा तोडणाऱ्यांतलीच गोळी चालू आहे, तळपाय सोलवटतात, रात्री युरियाचं क्रीम चोपडून सुती मोजे घालून झोपतो आणि सकाळी पहिलं पाऊल जपून टाकतो. बीपी रोज लिहून ठेवतो. कामावर जातो, अर्धवेळ का होईना.

तुमच्या मिस्टरांना सांगा, मी पुढच्या दहा वर्षांचा विचार करत नाही पण पुढच्या स्कॅनपर्यंतचे बेत अगदी पक्के करतो. त्यात बाहेर जाणं असतं, कुणाचं लग्न असतं, अर्धवट राहिलेली कामं असतात. आणि त्यांची गाठ जिथे आहे तिथून परत येईलच असं मुळीच नाही, बहुतेकांची येत नाही.

अबोली

मी फक्त मुलाबद्दल लिहिते. माझ्या बाबांना हाच आजार होता आणि मी साधारण तुमच्या मुलाएवढीच होते. मला सांगितलं नाही. मला ते एका नातेवाइकांच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं आणि त्यानंतर कितीतरी दिवस मी घरात कुणी काही सांगितलं की त्याच्यामागे काय लपवलंय ते शोधायचे. बाबा नंतर बरीच वर्षं होते, पण ते अविश्वासाचे दिवस मला अजून टोचतात.

सांगा त्याला. कॅन्सर हाच शब्द वापरा, "छोटीशी गाठ" म्हणू नका, तो शोधून काढणारच आहे. आता पुढे काय होणार, बाबा किती दिवस दवाखान्यात, त्याला कोण सोडायला आणायला येईल, हे सांगा कारण त्या वयात डोक्यात तेच असतं आणि विचारायची लाज वाटते. आणि शक्य असेल तर बाबांनीच सांगू दे. तुम्ही शेजारी बसा फक्त.

रानजाई

उशिरा लिहितेय. ऑपरेशन झालं, डाव्या किडनीचा बराचसा भाग वाचला. खांदा दुखला, काजवा दादा, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघून म्हटलं हाच तो खांदा! मुलाला ह्यांनीच सांगितलं, तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग विचारलं की मला पण होईल का. त्यावर आम्ही खरं ते सांगितलं, की डॉक्टरांना विचारून सांगतो.

रिपोर्ट आलाय. क्लिअर सेल, ग्रेड ३, कडा मोकळ्या, पण आतल्या चरबीत थोडं शिरलेलं, म्हणून पीटी३ए म्हणजे तिसरी स्टेज लिहिलंय. ताई, तुम्ही म्हणाला होतात तसंच वर सरकलं. ऐकून पाय गळाले पण कोसळलो नाही. ऑन्कोलॉजिस्ट म्हणतायत पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी घ्यायचा विचार करा, वर्षभर. गाठ तर काढली, मग औषध कशाला, असं हे म्हणतायत.

सूक्ष्मदर्शी

कडा मोकळ्या ही मोठी गोष्ट आहे. औषध कशाला, तर स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी कुठे राहिल्या असतील तर त्यांच्यासाठी. ऑपरेशननंतर हे देण्याला अमेरिकेत २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. ज्या अभ्यासावर ती आधारलीय त्यात तुमच्यासारखे पीटी३ वाले बरेच होते. चार वर्षांनी औषध घेतलेल्यांपैकी साधारण ९१ टक्के हयात होते आणि न घेतलेल्यांपैकी ८६ टक्के. दोन्ही आकडे नीट बघा. फायदा खरा आहे, आणि औषध न घेतलेल्यांतलेही बहुसंख्य लोक होतेच. त्यामुळे घेतलं नाही तर संपलं असं नाही, आणि घेतलं तर त्रास होणारच असंही नाही, पण थायरॉईड, अॅड्रिनल, आतडी, फुप्फुसं यांचे त्रास काहींना होतात आणि हार्मोनचे काही कायमचे राहतात.

ऑन्कोलॉजिस्टना विचारा: ह्यांच्या बाबतीत परत यायचा धोका तुम्ही किती धरता, आधीचा काही ऑटोइम्यून आजार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो) आड येतो का, आणि आत्ता नाही घेतलं व पुढे कधी लागलं तर तेव्हा कुठली औषधं हातात असतील. त्या अभ्यासात ऑपरेशननंतर १२ आठवड्यांच्या आत औषध सुरू केलं होतं, तेव्हा आज उत्तर द्यायची घाई नाही, पण विषय लांबवूही नका. आणि मुलाच्या प्रश्नाचं उत्तर त्याच भेटीत विचारून घ्या, त्याला सोबत नेलंत तरी चालेल.