चिऱ्यांच्या भाड्याच्या घरात चित्रे कशी टांगावीत?

प्रश्न (भाडेकरू, रत्नागिरी):
जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेल्या एका जुन्या घराचा अर्धा भाग आम्ही 11 महिन्यांच्या कराराने घेतला आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीहून आणलेली तीन चित्रकथी चित्रे काचेच्या चौकटीत बसवून घेतली असून मोठे चित्र साधारण 4 किलोंचे आहे. मालकीणबाई शेजारीच राहतात व भिंतीला खिळा ठोकलेला त्यांना चालत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावून पाहिली. पाऊस सुरू झाल्यावर आठवड्याच्या आत, तेही मध्यरात्री, एक चौकट खाली आली आणि काच फुटली. अनामत रकमेला धक्का न लावता काय करता येईल?

चिरेबंदी:
पट्टी भिंतीला नव्हे, रंगाला चिकटते आणि भिंतीने ओल धरली की डिस्टेंपरचा पापुद्राच सुटतो. खिळ्याचे म्हणाल तर जांभा सच्छिद्र व तुलनेने मऊ दगड आहे. हातोडीच्या घावाने भोवतालचा गिलावा फुटतो, आणि खिळा दोन चिऱ्यांच्या सांध्यात गेला तर तो कधीच घट्ट बसत नाही. मालकीणबाईंचा राग बहुधा भोकावर नसून या फुटण्यावर असावा. परवानगी मिळाल्यास ड्रिलचा ठोका बंद ठेवून 6 मिलिमीटरचे भोक पाडावे, प्लास्टिकची गिट्टी बसवावी आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचाच घ्यावा, कारण खाऱ्या हवेत साधा लोखंडी स्क्रू गंजतो व त्याचा तांबडा ओघळ भिंतीवर उतरतो. घर सोडताना भोक पुट्टीने बुजवता येते. गंजाचा डाग मात्र नव्या रंगातूनही वर येतो.

माजघर:
आम्ही गुहागरला घर भाड्याने देतो, म्हणून मालकाच्या बाजूने लिहितो. कोणी विचारले तर आम्ही सहसा नाही म्हणत नाही. न विचारता ठोकतात, हेच दुखणे आहे. भोकाची जागा आधी दाखवावी आणि भिंतीचे छायाचित्र दोघांकडेही ठेवावे. त्याहीपूर्वी वर पाहावे: जुन्या घरात तुळई असतेच, तिच्यावरून दोरी घेऊन चित्र खाली सोडले तर भिंतीचा प्रश्नच उरत नाही.

पागोळी:
वरील दोघांनी भिंतीचा विचार केला, चित्राचा नाही. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीवर कागदावरचे चित्र लावूच नये. मागून बुरशी चढते आणि ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आतली भिंत निवडावी, चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवून हवा खेळती ठेवावी.

भाडेकरू, रत्नागिरी:
सर्वांचे आभार. मालकीणबाईंना विचारले, तेव्हा त्यांनीच मधल्या खोलीतील तुळईला असलेल्या पाळण्याच्या दोन कड्या दाखवल्या. मोठे चित्र आता तेथे साखळीने टांगले आहे. उरलेली दोन गणपतीनंतर, भिंती सुकल्यावर लावू.