प्रतिसाद: आरबीएम दिसत नाही, म्हणून एकभिंती नळ्या नाहीत?

रामन वर्णपटात ५३२ नॅनोमीटरच्या लेसरवर आरबीएम (एकभिंती कार्बन नॅनोनळीचा व्यास आकुंचन-प्रसरण पावतो, त्या कंपनाची रेष) दिसला नाही, एवढ्यावरून नमुना बाद करू नका. त्या लेसरशी (२.३३ इलेक्ट्रॉनव्होल्ट) ज्यांचं अनुनादन जुळतं त्याच नळ्या ठळक दिसतात. ६३३ आणि ७८५ वरही मोजा, मगच निष्कर्ष काढा.

व्यासासाठी d = २४८/ω (d व्यास नॅनोमीटरमध्ये, ω आरबीएमचं स्थान सेंमी⁻¹ मध्ये) हे सूत्र सिलिकॉन-ऑक्साइडवरच्या सुट्या नळ्यांचं. जुडग्यांना ω = २३४/d + १० जास्त बरं. सिलिकॉनची चकती वापरत असाल तर ३०३ सेंमी⁻¹ जवळची रेष तिचीच असते. ती आरबीएम समजलात तर ०.८ नॅनोमीटरची नळी 'सापडते'! सुरुवातीला सिलिकॉनच्या ५२०.५ च्या रेषेवर कॅलिब्रेशन कराच.

काळी भुकटी ५०एक्स भिंगाखाली सहज तापते आणि जी-पट्टा (कार्बनच्या षट्कोनी जाळीची मुख्य रेष) १५९० सेंमी⁻¹ वरून खाली सरकतो. लेसरची शक्ती एक मिलिवॅटच्या बरंच खाली ठेवून सुरुवात करा. शक्ती निम्मी केल्यावर जी हलला, तर नमुना तापत होता.

डी/जी गुणोत्तराची (डी म्हणजे जाळीतल्या दोषांची रेष) तुलना एकाच लेसरवरची हवी. तरंगलांबी बदलली की तेही बदलतं. उत्प्रेरकातून उरलेलं लोह-निकेल त्यात कळत नाही, त्यासाठी टीजीए (नमुना तापवत वजनातला बदल मोजण्याची चाचणी). आणि निदान दहा ठिकाणी मोजा, भुकटी एकसारखी क्वचितच असते.