मदत हवी आहे : स्टीव्हन्स यांच्या दोन भूमिकांची संगती कशी लावावी?

लेखणीबहाद्दर :
स्टीव्हन्स यांच्यावरचा लेख रविवारी संपादकांकडे द्यायचा आहे आणि शेवटचा भाग अडला आहे. कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला म्हणून १८३८ साली ज्यांनी सही नाकारली, त्यांनीच १८६६ साली तो अधिकार न देणारा मसुदा मंजूर करून घेतला. असे का झाले? कृपया लवकर सांगावे. सर्वसाधारण चरित्र नको.

पारावरचा :
आपला रोख जॉर्जियाच्या अलेक्झांडर स्टीफन्स यांच्याकडे असावा. तेही वकील आणि अमेरिकी काँग्रेसचे (संसदेचे) सदस्य होते व पुढे दक्षिणेच्या बंडखोर राज्यसंघाचे उपाध्यक्ष झाले. गुलामगिरी हाच नव्या राज्याचा पाया आहे, असे १८६१ साली सव्हानाच्या भाषणात सांगणारे तेच. लेखाचा शेवट त्या भाषणाने करावा.

जुने दप्तर :
त्यांचा येथे संबंध नाही. मात्र धागाकर्त्यांनीही पूर्ण नाव, सही कशावरची आणि मसुदा कोणता, हे लिहायला हवे होते.

लेखणीबहाद्दर :
पेनसिल्व्हेनियाचे थॅडियस स्टीव्हन्स. सही त्या राज्याच्या नव्या घटनेवरची, मसुदा अमेरिकेच्या राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा. विषय पाहता हे उघड होते.

काळा कोट :
सुरुवात १८२१ पासून करावी, असे माझे ठाम मत आहे. गेटिसबर्गला वकिली करताना त्यांनी चॅरिटी बटलर या स्त्रीच्या स्वातंत्र्याच्या दाव्यात गुलाममालकाची बाजू मांडली आणि जिंकली. पुढे १८५१ च्या क्रिस्टियाना प्रकरणात, पळून आलेल्या गुलामांच्या धरपकडीला विरोध झाल्यावरून ज्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला, त्यांच्या बचावासाठी तेच उभे राहिले. मीही वकिली केली आहे. अशिलाची बाजू आणि स्वतःचे मत यांत अंतर असते.

जुने दप्तर :
हे मान्य, परंतु प्रश्न १८६६ चा आहे. १८३८ मध्ये ते घटना परिषदेतील अनेक सदस्यांपैकी एक होते आणि त्यांच्या सहीवाचून काही अडणार नव्हते, म्हणून नकार देणे परवडले. १८६६ मध्ये प्रतिनिधिगृहातील (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहातील) जहाल रिपब्लिकनांचे, म्हणजे रिपब्लिकन पक्षातील जहाल गटाचे, नेतृत्व त्यांच्याकडे होते, आणि दुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मते व त्यानंतर तीनचतुर्थांश राज्यांची संमती लागणार होती. कृष्णवर्णीयांना थेट मताधिकार देण्यासाठी तेवढे बळ नव्हते. शिवाय गुलामगिरी संपल्यामुळे, राज्यांच्या प्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना गुलामांची लोकसंख्या तीनपंचमांश धरण्याचा जुना नियम निरर्थक झाला होता आणि मुक्त झालेल्यांची गणना आता पूर्ण होणार होती. म्हणजे मुक्त झालेल्यांना मत न देताही दक्षिणेच्या जागा वाढल्या असत्या. दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमाने त्याला पायबंद घातला : जे राज्य प्रौढ पुरुष नागरिकांना मत नाकारील, त्याचे प्रतिनिधित्व त्या प्रमाणात घटेल. १३ जूनच्या भाषणात त्यांनी स्वतःच हा प्रस्ताव अपुरा असल्याचे सांगितले आणि आपण देवदूतांमध्ये नव्हे, माणसांमध्ये राहतो म्हणून तो स्वीकारतो, असे कारण दिले.

काळा कोट :
तरीही तडजोड ती तडजोडच.

जुने दप्तर :
ती शेवटची नव्हती. बंडखोर राज्यांच्या फेरउभारणीसाठी केलेल्या १८६७ च्या पुनर्रचना कायद्यांनी दक्षिणेतील दहा राज्यांत कृष्णवर्णीय पुरुषांना मतदानाची वाट मोकळी झाली, आणि त्या कायद्यांमागे स्टीव्हन्स होतेच.

पारावरचा :
मग शेवट लँकेस्टरच्या थडग्याने करावा. सर्व वर्णांना खुली असलेली दफनभूमी त्यांनी मुद्दाम निवडली होती.

जुने दप्तर :
त्यांच्यावर लिहिणारा जो तो तेथेच थांबतो.

लेखणीबहाद्दर :
शेवट १८६७ च्या कायद्यांवर करतो. १८२१ चा खटला शब्दमर्यादेत बसत नाही. त्यावर काळा कोट यांनी वेगळा धागा काढावा, ही विनंती.